लाडूची अंघोळ

खेड, ४ मे

सौ. समीक्षा हिस,
आशीर्वाद.

एसटी पार्सलने पाठवलेलं खोकं काल डेपोतून आणलं. मिळालं ते असं: गरम होणारी चटई एक, तापमान दाखवणारं यंत्र एक, लपायला मातीची गुहा एक, नारळाच्या भुशाची पिशवी एक. पिशवीवर तीनशे चाळीस रुपये छापलेत. आमच्या परसात नारळाची सोडणं फुकट पडलेली असतात, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते. हमाली वीस, रिक्षा साठ. यंत्राचं खोकं मी फोडलेलं नाही. नवंकोरं राहिलं तर दुकानदार परत घेईल.

हे पत्र आहे, बोलणं नव्हे, हे आधीच सांगते. शिमग्याला पालखी दारात यायची वेळ आणि तू टोपलीतून साप काढलास. मी म्हणाले, "आधी तो बाहेर, मग तू आत." तू टोपली घेऊन गाडीत जाऊन बसलीस ती पुण्याला गेलीस. त्या दिवशी मी देवीची शपथ घेतली की या सुनेशी तोंडाने बोलणार नाही. शपथ तोंडाची आहे, हाताची नाही.

आता कामाचं. तुम्हाला नवी जागा मिळेपर्यंत म्हणून शुभंकर तुझ्या सापाला काचेच्या पेटीसकट इथे सोडून गेला. तुझ्या सासऱ्यांनी हो म्हटलं, मला कोणी विचारलं नाही. "आई, हा आफ्रिकेतला अजगर, विषारी नाही, सरकारदरबारी नोंद आहे, याला फक्त ऊब लागते," एवढं बोलून गाडीत बसला. ऊब मी दिली आहे. चटई लावली नाही, वीज फुकट येत नाही. पण ऊब आहे.

तरी तो आठवडाभर पाण्याच्या वाडग्यात बसून आहे. सगळं अंग पाण्यात, वर नाक तेवढं. शेजारणी बघायला येतात नि म्हणतात, वहिनी, तुमच्याकडे येऊन साप सोवळ्यातला झाला, सारखी अंघोळ! मलाही आधी कौतुक वाटलं. पाणी बदलताना मी तुळशीचं पान टाकत होते. पण अंघोळीला कोणी आठवडाभर बसत नाही. शुभंकरला फोन केला तर म्हणतो, "साप समीक्षाचा, तिला विचार." लबाड आहे.

उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर तू जन्मभर म्हणशील, सासूने मारला. मी मुंगीच्या वारुळालाही साखर घालणारी बाई आहे. म्हणून विचारते. तो पाण्यात का बसतो, ते लिहून कळव.

शुभंकरची आई


खेड, १५ मे

चि. सौ. समीक्षा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर छान आहे. शुभंकरचं म्हणजे कोंबडी चिखलातून गेलेली. तू विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते.

अंगावर बारीक किडे आहेत का? साप किडे बुडवायला पाण्यात बसतो, असं तू लिहिलंस. पांढऱ्या फडक्याने पुसून काळे ठिपके दिसतात का बघायला सांगितलंस. पुसायचं म्हणजे धरायचं. मी पलीकडच्या रहिमाला हाक मारली. तिलाच का, तर तुझ्या त्या गोठवलेल्या उंदरांची डबी तिच्याच फ्रीजात आहे. माझ्या फ्रीजात नैवेद्याचं दूध असतं. रहिमा म्हणाली, "ठेव गो, माझ्याकडे बांगडे हायत, सुरमय हाय, त्यात चार उंदीर काय जड झाले?" पण धरायची वेळ आली तशी ती पाटावर चढली. "वहिनी, उंदीर माझे, साप तुझा!"

मग मीच धरला. रामाचं नाव घेतलं आणि डोळे मिटले. मला वाटलं होतं गार, बुळबुळीत असेल. तसा काही नाही गं. सुपारीच्या गळलेल्या झावळीची विरी आतून कशी गुळगुळीत लागते, तसा. पुसताना त्याने माझ्या मनगटाला वेढा घातला आणि तिथेच डोकं ठेवून राहिला. फडकं पांढरंच्या पांढरं. किडे नाहीत.

कात टाकायला आलाय का? डोळे दुधाळ नाहीत, मण्यासारखे काळे आहेत. वाडगा फार मोठा आहे का, लपायला दुसरी जागा आहे का? तू पाठवलेली गुहा ठेवली आहे, तिच्यात जात नाही.

पेटी कुठे ठेवली, जवळ काही गरम आहे का, असं विचारलंस. पेटी घरात आहे. ऊन लागत नाही.

आता आनंदाची बातमी. तुझ्या चुलत दिराला मुंबईत मुलगी झाली. नाव आयत्या वेळी ठरवणार म्हणे, आजकाल सगळंच आयत्या वेळी. त्यामुळे आपल्याला दहा दिवस सोयर, देवपूजा बंद, दिवाबत्ती बंद. आणि नवल असं की सोयर लागलं त्याच्या दुसऱ्या सकाळी तो वाडग्यातून बाहेर! गुहेत जाऊन निजला. मी ह्यांना म्हटलं, "बघा, समई नाही तर अंघोळही नाही. सोयर पाळतो." हे म्हणाले, "त्याची भावकी आफ्रिकेत. आपलं सोयर त्याला कसं लागेल?"

ह्यांना प्रत्येक गोष्टीत चेष्टा. पण तुला म्हणून सांगते, काल त्याने उंदीरही खाल्ला. मी तोंड फिरवून उभी होते, पण खाल्ल्याचं समाधान वाटलं.

काळजी करू नकोस.

तुझी सासू


खेड, २६ मे

चि. लाडक्या समीक्षेस,
खूप खूप आशीर्वाद.

मागच्या पत्रात तुझ्या एका प्रश्नाला मी बगल दिली, ते तू ओळखलंस. "आई, पेटी नक्की कुठे आहे?" असं एका ओळीचं पत्र पाठवलंस. पाच रुपयांच्या पाकिटात एक ओळ! पुढच्या वेळी कार्डावर लिही.

पेटी देवघरात होती.

झालं असं, शुभंकर गेला त्या रात्री मी ती पडवीत ठेवली. घरात नाही म्हणजे नाही. पण पडवीत बोके येतात, एक तर काचेवर पंजे मारत होता आणि हा आतल्या आत गोल होऊन बसला होता, डोकं मध्ये लपवून. बघवेना. याला ऊब लागते, हे डोक्यात होतं. आपल्या घरात रात्रभर ऊब कुठे? देवघरात. नंदादीप चोवीस तास असतो, समई सकाळ-संध्याकाळ, तेल तसंही जळतंच, वेगळा खर्च नाही. म्हणून पेटी समईला खेटून ठेवली. वरून माझी जुनी गोधडी घातली. साप घरात नको म्हणणारी मी, त्याला थेट देवाशेजारी बसवलं, हे तुला कोणत्या तोंडाने लिहू? म्हणून "घरात आहे" एवढंच लिहिलं.

सोयर फिटलं. मी देव घासले, समई लावली, साग्रसंगीत पूजा केली. दुपारी बघते तर स्वारी वाडग्यात! मी म्हटलं, काय हा नेम, देवासाठी पुन्हा अंघोळ! कौतुकाने काचेवर हात ठेवला आणि चटका बसला गं. नुसता चटका. तव्यावरून भाकरी उतरवताना बसतो तसा.

तेव्हा यंत्राचं खोकं फोडलं. आत सोडलं, तर अडतीस! बिचाऱ्याची देवभक्ती वगैरे काही नाही, त्याला उकडत होतं. मे महिना, बंद देवघर, शेजारी समई, वर गोधडी. पाण्यात नाही बसणार तर काय करणार? दिवा विझला तेव्हा बाहेर आला, दिवा लागला तेव्हा आत गेला. इतके दिवस तो मला सांगत होता आणि मी तुळशीची पानं टाकत होते.

मग मला जे हसू फुटलं! हे परसातून धावत आले, रहिमा धावत आली. तिला सांगितलं तर ती भिंतीला धरून हसायला लागली. "अगो वहिनी, मे म्हयन्यात गोधडी? मला घाल ती, मग बघ मी पण हौदात जाऊन बसते की नाय!"

त्याच वेळी पेटी हलवली. उत्तरेची खोली आठवते का? शिमग्याला तू पाहिलीच नाहीस म्हणा. लाद्यांची, गार, शुभंकरचं टेबल आहे ती. तुमच्या दोघांसाठी चुना काढून ठेवलेली. पेटी तिथे ठेवली, यंत्र तीस दाखवतं. आता वाडग्यात फक्त पाणी प्यायला जातो. संध्याकाळी गुहेवर चढून बसतो आणि मी स्तोत्र म्हणत खोलीत आले की जीभ काढून बघतो. लाडू म्हणून हाक मारते. इतके दिवस नाव घेत नव्हते, प्रसादाचं नाव सापाला कशाला, म्हणून. पण गोल बसला की लाडूच दिसतो, तुझं बरोबर आहे.

आता मुख्य बोलणं. भटजी म्हणाले, यंदा गौरी पूर्वा नक्षत्रावर येतात. नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे गौरीपुढे भरली सुपं ओवाळणं, अशाच वर्षी होतो, नाहीतर किती वर्षं थांबावं लागेल सांगता येत नाही. ओवशाची पाच सुपं मी आणून ठेवली. गणपतीत भाव दुप्पट होतात म्हणून आत्ताच. दुसरं काही कारण नाही. म्हणजे, आहे.

शपथेचंही मिटवलं. गुरवाकडून गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला. देवीला सांगितलं, बाई, मला सून हवी आहे, सापासकट. तिने उजवा कौल देऊन हो म्हटलं, लगेच. ती माझ्या बोलण्याचीच वाट बघत असावी.

यंत्राचं खोकं फोडलं, दुकानदार आता परत घेणार नाही. तेव्हा यंत्र इथेच राहणार, आणि नुसतं यंत्र ठेवून काय करू? आधी तो बाहेर, मग तू आत, असं मी म्हणाले होते. तो तर आत आला, तुझ्या खोलीत ऐसपैस पसरलाय. आता तू कशाला बाहेर?

फोन करू नकोस. आपलं पहिलं बोलणं ओटीवर होऊ दे, समोरासमोर, तुझ्या पायांवर दूध-पाणी घालताना. गणपतीला किती दिवस राहणार तेवढं उलट टपाली कळव. कार्डावर.

तुझी, आता बोलणारी,
आई