तग किती, प्रहार किती

मंगळवार, ६ जानेवारी. अंगारकी.

अभेद्या आज पडली नाही. हे वाक्य आधी लिहून टाकते, उपासाचे मागाहून.

दिवेलागणीनंतर आम्ही चौघे, आपापल्या घरी बसून, संगणकावरच्या खेळात कालयंत्राच्या दुर्गात शिरलो. माझ्या नणंदेची, शकूची, अग्निशिखा पहिल्याच ज्वाळेत गेली, तिच्यामागे भाऊजी, मग ऋचा. उरली एकटी माझी नायिका, अभेद्या. आग अंगावरून ओघळून गेली, लोखंडी मुठी आदळून परत फिरल्या. माझ्या छातीत मृदंग वाजत होता. सत्तरी ओलांडल्यावर असे काही वाट्याला येईल, असे स्वप्नातही नव्हते.

अडचण एवढीच की माझ्या ठोशाने झालेली जखम दुसरा ठोसा बसेपर्यंत भरून येई. ते पडेना, मी पडेना. कानाला लावलेल्या हेडफोनमधून शकूने दहिसरहून विचारले, "वहिनी, तू त्याला मारतेस का ओवाळतेस?"

शेवटी वेळ संपली, दुर्गाचे दार आपोआप मिटले, आणि पराभव आमच्या नावावर लागला. चंद्रोदय झाला. नैवेद्य दाखवून येते.

गुरुवार, ८ जाने.

ऋचाचा साकीनाक्याच्या ऑफिसातून भर दुपारी फोन. भाची एरवी या वेळी कधी फोन करीत नाही. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी, मग मुलुंडात थंडी आहे का, तेव्हाच ओळखले.

"मामी, राग मानू नकोस हं. पंचवीस तारखेला या मोसमातला शेवटचा दरवाजा आहे. तो पडला नाही ना, तर पुढच्या मोसमासाठी मला चौथी जागा बदलावी लागेल. ऑफिसातला प्रणव विचारतोय. त्याचा मार जबरदस्त आहे."

मी म्हटले, "न्याय्य आहे." आवाज नीट राहिला असावा.

हे गेल्यानंतर ऋचानेच हा खेळ संगणकावर बसवून दिला. मला वाटले होते, म्हातारीचे मन रमवायची युक्ती. पण आता संध्याकाळी स्तोत्रे झाली, निरांजन शांत झाले, की या दोन खोल्यांत चार माणसांचे आवाज असतात. चौथी जागा गेली म्हणजे

असो. मोसमाला एक पुनर्जन्म-मुद्रा मिळते. ती मोडली की नायिकेची घडण (ऋचाचे 'बिल्ड') पहिल्यापासून नवी करता येते. माझी अजून शाबूत आहे. एकच आहे.

शनिवार, १० जाने.

घडणीचा विचार. दिवसभर दुसरे काही सुचले नाही. कुकरच्या शिट्याही मोजल्या नाहीत.

प्रत्येकाला साठ गुण. माझ्या खुणा: त. म्हणजे तग, प्र. म्हणजे प्रहार. माराचे प्रकार सहा: आग, आघात, वीज, शीत, विष, मन. त. मधले गुण मी प्रत्येकापुढे नऊ नऊ ठेवले होते. उरलेले सहा प्र. मध्ये. लहानपणापासून रोज देवीचे कवच म्हणत आले. त्यात मस्तकापासून पावलापर्यंत एकेका अवयवाचे नाव घेऊन रक्षण मागतात आणि एकही वगळत नाहीत. अभेद्येची घडण मी त्याच क्रमाने, त्याच भावनेने केली. कुठलाही कोपरा उघडा ठेवणे मला अधर्मच वाटले.

शकूचे शास्त्र उलटे. साठच्या साठ प्र. मध्ये. "त्याला मारायला वेळच द्यायचा नाही, वहिनी. मेला की कसला मारतोय?" तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. शत्रू जितका लवकर संपेल तितका त्याचा मार कमी. म्हणजे प्रहार हीही एक ढालच. पण ती स्वतः पहिल्या श्वासाला आडवी होते. पडलेल्याचा प्रहार शून्य.

भाऊजींना विचारले. शकूचे यजमान, उभी हयात ट्रॉम्ब्याच्या अणुकेंद्रात गेली. मोजून बोलतात. "वहिनी, आमच्याकडे भिंत बांधताना आधी विचारायचे, पलीकडे आहे काय. जे कागदाने अडते त्याला शिसे कशाला? आणि पहिल्या थराने निम्मे अडले तर दुसऱ्याने उरलेल्यातलेच निम्मे. तुमचा नववा गुण पहिल्याइतका कामाचा नाही."

पुढे म्हणाले, या दुर्गात विष नाही, शीत नाही. आग आणि आघात, बस. माझे छत्तीस गुण नसलेल्या शत्रूंपासून माझे रक्षण करीत बसले आहेत.

हसू आले. थोडे वाईटही वाटले.

बुधवार, १४ जाने. संक्रांत.

शकू स्वतः आली. दहिसरहून मुलुंडपर्यंत रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा, आणि हातात तिळाच्या वड्यांचा डबा. वड्या दगड. मी तसे म्हटले, तर म्हणाली, "त. वाढवलाय." माझ्या खुणा तिलाही पाठ झाल्या आहेत.

तिळगूळ द्यायला आलेल्या बायका गेल्यावर दोघीच बसलो. मी बोलून दाखवले की मुद्रा मोडून सगळे प्र. मध्ये घालावे असा विचार आहे. प्रणवसारखे. निदान जागा तरी राहील.

शेजारच्या हळदीकुंकवात वाण मिळालेला आरसा तिने उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "आठवतं, मी ह्यांना भेटायला चोरून जायचे, ते आईला कळलं तेव्हा?"

न आठवायला काय झाले. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जाई. हे प्रकरण त्यानंतर काही वर्षांनी. सासूबाई हातात लाटणे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या.

"मी दाराआड उभी. आणि तू एकदम म्हणालीस, मीच पाठवलं तिला. खोटं, साफ खोटं. वर म्हणालीस, आता काय करणार आहात? वहिनी, तू. ज्या बाईनं कधी आवाज चढवला नाही, ती. आई माझ्याकडे वळलीच नाही पुन्हा. महिनाभर सगळं तुझ्यावर."

मी म्हटले, लाटणे लागले मात्र नाही.

"तुला काही लागतच नाही गं. पण तेव्हा तू तिला डिवचलंस, म्हणून मी वाचले. नुसती खांब होऊन उभी राहिली असतीस, तर तिनं तुला वळसा घालून मला धरलं असतं."

तिला रिक्षापर्यंत पोहोचवून परत आले. जिना चढता चढता थांबले. अंगारकीला कालयंत्राने अगदी हेच केले. मला वळसा घातला.

शुक्रवार, १६ जाने.

सापडले.

अभेद्येच्या विद्यांमध्ये एका कोपऱ्यात 'आव्हान' आहे. ज्याला आव्हान द्यावे तो इतर सर्वांना सोडून आपल्यावर धावून येतो. माझे तिथे शून्य. पहिल्या दिवशीच वाचले होते, आणि कुणाला उगाच डिवचणे असंस्कृत म्हणून तशीच पुढे गेले होते.

म्हणजे मी दुर्गात जाऊन सभ्यपणे उभी राहात होते. कालयंत्र माझ्या बाजूने जाऊन माझ्या माणसांना मारीत होते, आणि मी पडले नाही याचा आनंद इथे, याच वहीत, पहिल्या ओळीवर लिहून ठेवला आहे.

तालमीच्या मैदानात घडण फुकट बदलून पाहता येते. तिथे लाकडी पुतळे असतात. कालयंत्र नसते, पण काहीच नसण्यापेक्षा बरे. आव्हानाला पाच गुण दिले आणि कळ दाबली. मैदानातले सगळे पुतळे एकदम वळले. एकूण एक. माझ्याकडे. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. कशासाठी, कोण जाणे.

ऋचाला कळवू का? नको. आधी गणित.

सोमवार, १९ जाने.

पहाटेच्या पाठाला बसले आणि कवच संपताच थांबले. कवच हे पूर्वांग. ते झाल्यावर मुख्य पाठ असतो. त्याच्यासाठीच तर आसनावर बसायचे. नुसते कवच म्हणून उठणाऱ्याला काय म्हणावे? अभेद्या इतके दिवस तेच करते आहे. इतकी वर्षे म्हणते आहे, तरी हे पाहायला एक लोखंडी राक्षस लागला. मग उरलेला पाठ जरा घाईतच झाला. क्षमा असावी.

दुपारी तालीम, भाऊजींसह. पहिला प्रयोग: त. अगदी थोडा, बाकी सर्व प्र. आणि आव्हान. पुतळे वळले, धावले, आणि अभेद्या पापणी लवण्याआधी जमिनीवर. भाऊजी शांतपणे म्हणाले, "बोलावणे जोरात झाले, वहिनी. बसायला पाट नव्हता."

दुसरा, तिसरा. चौथ्यात ती पडली, पण उशिरा, आणि तोवर मागून भाऊजींच्या बाणांनी निम्मे पुतळे पाडले होते. मला त्यांना काही विचारायचे होते, पण इतका आनंद झाला होता की प्रश्नच विसरले.

तग हवा तो त्यांचे काम होईपर्यंतचा. अमरत्वाचा नको.

बुधवार, २१ जाने.

आव्हान देताना एक वाक्य लिहावे लागते. ते नायिकेच्या डोक्यावर सर्वांना दिसते. मी रचले: 'हे मदोन्मत्त यंत्रा, निर्बलांवर शौर्य गाजविण्यात भूषण ते कोणते? सामर्थ्य असेल तर मजसमोर ये.' यतिभंग कुठे नाही, भाषा शुद्ध.

शकूला वाचून दाखवले. फोनवर बराच वेळ काही ऐकू येईना. मग कळले, हसते आहे.

"वहिनी, तू हे टाइप करीपर्यंत आम्ही तिघं मरून तेराव्याचं जेवण पण होईल."

तिचे वाक्य: 'ए डबड्या, इकडे बघ.' मी म्हटले, हे माझ्या तोंडी शोभणार नाही. ती म्हणाली, "सासूला बोललीस ते शोभलं होतं?"

ऋचाला आज सगळे सांगितले. ती ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, कागदावर बरोबर वाटतेय, मामी, पण शेवटच्या दरवाजात कालयंत्र तिसरे रूप घेते आणि ते कशाने मारते हे अजून आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. "आणि मुद्रा एकच आहे तुझी. चुकली तर मोसमभर तशीच राहशील. आहे तश्शी ठेवलीस तर निदान पडणार तरी नाहीस." प्रणवचे नाव तिने घेतले नाही. मीही नाही.

शनिवार, २४ जाने.

मुद्रा मोडली.

खात्री आहे का, असे संगणकाने दोनदा विचारले. देवापुढे जाऊन आले आणि मग होय म्हटले.

आग चौदा, आघात चौदा. आव्हान दहा. प्रहार अठरा. वीज, शीत, विष, मन यांचे कप्पे रिकामे करताना हात अडला. भाऊजींचे गणित मान्य आहे, तरीही. शेवटी चौघांनाही एकेक गुण ठेवला, नाव घेतल्यापुरता. एका गुणाने विष अडत नाही हे मला कळते. तिसरे रूप कशाचे असेल, हे मात्र कुणालाच कळत नाही.

संध्याकाळी शकूचा फोन. इकडचे तिकडचे बोलली. ठेवता ठेवता म्हणाली, "मी पण मोडली माझी. आठ गुण चिलखतात घातलेत. हसू नकोस."

हसले नाही. ती शकू, जिने पावसात कधी छत्रीसुद्धा नेली नाही.

"का गं?" एवढेच विचारले.

"तू उद्या समोर उभी राहणार. मग तुझ्या मागं जरा वेळ टिकायला नको मला?"

रविवार, २५ जाने. रथसप्तमी.

सकाळी गॅलरीत पूर्वेकडे रांगोळीचा रथ, गोवरीवर बोळक्यात दूध. उतू गेले, अगदी पूर्वेला. शुभ. समोरच्या इमारतीतून कुणीतरी धुराची तक्रार केली. त्यांनाही प्रसाद पाठवला.

जेवण गेले नाही. डोळा लागला नाही. असे शेवटचे मॅट्रिकच्या निकालाला झाले होते.

दिवेलागण. स्तोत्रे आज नेहमीच्या लयीत म्हटली, मुद्दाम, एकही अक्षर न गाळता. चौघे जमलो. ऋचा म्हणाली, सगळ्यांनी पाणी पिऊन घ्या. शकू गुणगुणते आहे. कुणी प्रणवविषयी बोलले नाही. ऋचाने मात्र हळूच विचारले, "मामी, वाक्य कुठलं ठेवलंस?"

म्हटले, दिसेलच.

दुर्गाचे दार उघडू लागले आहे. पूर्ण उघडेपर्यंत एवढे लिहून घेते. आत अंधार, आणि अंधारात दोन तांबडे डोळे, अजून कुणाकडेच न वळलेले. बाकीचे तिघे माझ्या मागे उभे राहिले आहेत. आजवर मी सर्वांत मागून शिरत असे.

शकू कानात म्हणते, "वहिनी, लिहिणं पुरे. आधी तू."

पेन ठेवते. 'ए डबड्या'