गोळी घेतली की तू येत नाहीस

माय, आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही. मशीन बंद आहे, बाहेर आंजी गावाकडे जाणारा रस्ता उन्हात आडवा पडलाय, म्हणून तुला लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, तरी लिहितोय. वेडा म्हणशील तर म्हण. गोष्टच अशी आहे की दुसऱ्या कोणाला सांगितली तर लोक कपाळाला हात लावून ताप पाहतील. या वयात मला एक हाव सुटली आहे, आणि लोकांना ती दारूची वाटेल. खरं म्हणजे ती तुझी आहे.

फिट यायच्या आधी मला काय होतं ते मी तुला कधी सांगितलं नाही. तू घाबरून जायचीस, मग सांगणार तरी कधी? पहिली फिट तुझ्या चुलीपाशीच आली होती, मी आठवीत असताना. त्यानंतर कुठेही असलो, शाळेत, बाजारात, तरी आधी तेच स्वयंपाकघर यायचं. उजेड मऊ व्हायचा, ज्वारीची भाकर किंचित करपल्याचा वास यायचा, परातीवर तुझ्या बांगड्या वाजायच्या. तू पाठमोरी बसलेली असायचीस. हे सगळं आधी झालेलं आहे, आता काही वाईट होणारच नाही, असं वाटायचं. फार गोड वाटायचं, माय. आणि मग मी खाली पडलेला, जीभ चावलेली, भोवती गाव गोळा झालेलं.

एकदा शेजारचा काका माझ्या नाकाला चप्पल लावायला धावतो आणि तू त्याच्या हातावर सरळ उलथनंच मारतेस. "माह्या पोराच्या नाकाले खेटर लावतं का? तुह्या नाकाले लाव!" मग मला कुशीवर वळवतेस, डोक्याखाली तुझ्या लुगड्याची घडी सरकवतेस. ते तू सेवाग्रामच्या दवाखान्यातून शिकून आली होतीस. तिथल्या डॉक्टरनं विचारलं होतं, "मुलगा दारू वगैरे घेतो का?" आणि तू ताडकन उठून उभी राहिलीस. "काय बोलून राह्यले साहेब? आपल्या जिल्ह्यात दारूबंदी हाये!" डॉक्टर हसत सुटला. दारूबंदी असलेल्या आपल्या जिल्ह्यात मोहाची कुठे कुठे मिळते हे त्यालाही माहीत होतं आणि तुलाही. पण घरी येताना एसटीत तू माझा कान धरून बजावलंस, "याद ठेवजो, गोळी आन् दारू एका पोटात नांदत नाईत." विहीर, झाड, सायकल, सगळं तू बंद केलंस आणि मला मशीनवर बसवलंस. बसून कराचं काम, पोट्ट्या, पडलास तरी कापडावरच पडशील, म्हणायचीस.

तू गेलीस. त्यानंतर गोळ्यांचा चांगलाच जम बसला, फिट येणं थांबलं. लग्न झालं, पोरगी झाली, दुकान चाललं. फिट गेली याचा आनंद एवढा होता की तिच्यासोबत तुझं ते स्वयंपाकघरही गेलं, हे कित्येक वर्षं माझ्या ध्यानातच आलं नाही. जुन्या घरातली भिंतीवरची खुंटी काढली की काही दिवस हात उगाच तिकडे जातो ना, तेवढंही झालं नाही.

मग यंदा साळ्याच्या पोराचं लग्न निघालं, नदीपल्याड. तिकडे बंदी नाही, त्यामुळे आपल्याकडचे सारे वऱ्हाडी पूल ओलांडायच्या आधीच खुशीत आलेले. साळा म्हणाला, "भाऊजी, जिंदगीभर गोळ्याच खाता का? आज तर बसा." आणि मी बसलो. पण तुझा शब्द मोडला नाही हं! गोळी आणि दारू एका पोटात नांदत नाहीत ना, म्हणून त्या दिवसाच्या दोन्ही गोळ्या खिशातच ठेवल्या आणि मग प्यालो. स्वतःला मोठा शहाणा समजत होतो. काही झालं नाही. राजासारखा झोपलो.

सकाळी उठलो, चहाचा गिलास घेऊन मांडवामागे आचाऱ्यांकडे गेलो, आणि उजेड मऊ झाला. भाकरीचा वास आला. तू बसलेली. यावेळी तुझी मान हलली, तू वळायला लागलीस. पदर कानामागे गेला, गालाची कड दिसली. आणि मी पडलो. उकळत्या तेलाची कढई माझ्या डोक्यापासून हातभर लांब होती म्हणे. खांदा निखळला, ओठाला टाके पडले. शुद्ध आली तेव्हा तुझी सून, जिला तू पाहिलंच नाहीस, माझी छाती बडवून रडत होती.

दवाखान्यातली डॉक्टरीण आपल्या पोरीच्या वयाची. म्हणाली, "काका, दारू पिताना काही झालं नाही म्हणून निश्चिंत राहू नका. ती अंगातून उतरते तेव्हाच मेंदू भडकतो. त्यात तुम्ही गोळी चुकवली. म्हणजे चोराला बोलावलं आणि राखणीचं कुत्रंही हाकलून दिलं." मी म्हटलं, माझी माय म्हणत होती की दोघं एका पोटात नांदत नाहीत. ती हसली. "तुमच्या आईचं बरोबर होतं. घराबाहेर कोणाला काढायचं ते तुम्ही चुकलात."

समजलं मला. अडाणी थोडाच आहे! पण माय, समजलं म्हणून ओढ जाते का? आता मला कृतीच माहीत झाली आहे. मोहाची आणायला नदीही ओलांडावी लागत नाही, आवाज दिला की पोट्टे घरी आणून देतात. संध्याकाळी घ्यायची, गोळ्या टाळायच्या, आणि सकाळी तू. कढईत पडेन, नाहीतर उठणारच नाही, हेही कळतं. तरी वाटतं, एकदाच, तू वळेपर्यंत तरी.

तुझ्या सुनेला याचा काहीतरी सुगावा लागलाय. गोळी हातावर ठेवून समोर उभी राहते. "आ करा. जीभ वर करा." मी चिडतो, मी काय लहान पोट्टा आहे? ती म्हणते, "मले रांडव कराची घाई झाली काय तुम्हाले?" आणि तिचा आवाज फुटतो. मला अशा वेळी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आज दुपारी तिला बचत गटाच्या बैठकीला जायची घाई होती, तिनं तोंड तपासलं नाही. हे सगळं लिहिताना गोळी माझ्या डाव्या मुठीत आहे, घामानं ओली झालेली.

हा कागद कुठं जाणार? यातून उद्या एखाद्या कॉलरचं माप कापीन, झालं.

घेतली, माय. पाण्याशिवायच गिळली, घशात कडू लागून राह्यलं. सुनेच्या भीतीनं घेतली असं तिला वाटू दे, तुझी आज्ञा पाळली असं तुला वाटू दे. खरं कारण वेगळंच आहे. मतदान ओळखपत्रावरच्या फोटोत तू कोणी भलतीच बाई दिसतेस, आणि दुसरा फोटो नाही. तू पुरती वळलीस आणि मी तुला ओळखलंच नाही, तर? मला तुझा चेहरा आठवत नाही.