मार्त केर्व्हेलच्या पहिल्या तबकड्या

बदलापूर,
रविवार, ता. ८ जानेवारी १९५६

चि. कुमुदिनीस,

अण्णांचे आशीर्वाद. पाकिटावरचे माझे अक्षर पाहूनही तू ते उघडलेस, असे धरून लिहितो.

ठरलेले लग्न मोडून तू पाँडिचेरीच्या शाळेत नोकरीला गेलीस, त्याला चार वर्षे झाली. एवढ्या काळात मी तुला ओळही लिहिली नाही. आज लिहितो आहे ते तुझ्या ट्रंकेमुळे. सप्टेंबरअखेर मी कारखान्यातून निवृत्त झालो. अंबरनाथचे क्वार्टर सोडून इथे बेलवलीच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या आहेत. हवा चांगली आहे, विहिरीला पाणी आहे. मागच्या महिन्यात थंडी वाढली म्हणून घोंगडी शोधत होतो, तेव्हा तुझी ट्रंक उघडली. माफ कर, विचारायला तू इथे नव्हतीस.

आत ते दोन आल्बम निघाले. तुमच्या कॉलेजातल्या फ्रेंच शिकवणाऱ्या बाई मायदेशी जाताना तुला देऊन गेल्या होत्या, तेच. जाड पुठ्ठ्याचे, प्रत्येकात सहा तबकड्या. एकही तडकलेली नाही. सोबत तुझी वही. त्यात तू लिहिले आहेस की ही मार्त केर्व्हेल पुढे पॅरिसात नावाजली, पन्नास व्हायोलिनांच्या ताफ्याबरोबर गाऊ लागली. पण तुला तिच्या या पहिल्या तबकड्याच हव्यात, कारण त्यात ती गावातल्या बायका गातात तशी, नुसत्या गळ्याने गाते. मी त्यांना रडगाणी म्हणायचो, हे मला आठवते. तुलाही आठवत असेल.

ग्रामोफोनची स्प्रिंग तुटलेली होती. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये झमटमल नावाचे एक सिंधी गृहस्थ आहेत, सक्करकडचे, त्यांच्याकडे नेला. स्प्रिंग बसवून त्यांनी मी सोबत नेलेली तुझीच एक तबकडी लावून पाहिली. शेजारचा शिंपी मशीन थांबवून दारात आला. गाणे संपल्यावर झमटमल म्हणाले, "साईं, बोल तो एक भी समझ में नहीं आया. पर ये बाई अपने घर की लगती है." येताना गाडीत तो ग्रामोफोन मांडीवर घेऊन बसलो.

दुसऱ्या आल्बमातली तिसरी तबकडी कसली आहे? वहीतले ते पान भिजून शाई पसरली आहे. सवडीने कळव.

बाकी सर्व ठीक. माई बरी आहे. तिच्याने लिहवत नाही म्हणून मी लिहिले.

अण्णा


बदलापूर,
रविवार, ता. २९ जानेवारी १९५६

चि. कुमूस,

तुझे उत्तर शुक्रवारी आले. गाण्याबद्दल चार ओळी, आणि खाली एवढेच: "माई कशी आहे ते खरे लिहा. माझ्या एकाही पत्राला तिने उत्तर का दिले नाही?"

खरे लिहितो. दोन दिवस झाले, कागद घेतो आणि ठेवतो.

ऑगस्टच्या एकोणीस तारखेला सकाळी माई चूल पेटवताना पडली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितले, जीवाला धोका नाही, पण बोलणे येईल न येईल. हाताला आता थोडी हालचाल आहे. पण पाच महिने तिच्या तोंडून शब्द नव्हता. सगळे कळायचे, डोळे बोलायचे, ओठ हलायचे, आणि मग रडू यायचे. बेलवलीच्या कौसाबाई रोज सकाळी येऊन तिचे सगळे करतात. तुला मी कळवले नाही. आधी रागाने आणि मग लाजेने.

ग्रामोफोन मी तिच्यासाठीच दुरुस्त केला. घरात कुणाचा तरी आवाज असावा, एवढाच हेतू. माझा आवाज ऐकून ती भिंतीकडे तोंड करायची.

पहिले पत्र टाकले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी ती तिसरी तबकडी लावून विहिरीवर गेलो. कौसाबाई धावत आल्या. "आन्ना, बेगीन या! माई गातंय!"

मला वाटले, बाईंना भास झाला. आत आलो. माई उशीला टेकून बसली होती, डोळे मिटलेले, आणि त्या मार्तबाईच्या मागोमाग म्हणत होती, "ल लँज ए मुये, ल लँज ए मुये..." शब्द न् शब्द! जिला 'पाणी' म्हणता येत नव्हते, ती फ्रेंच गात होती. कुमू, तबकडी संपताच मी ती पुन्हा लावली.

तू तिला ही गाणी देवनागरीत लिहून देत होतीस, हे मला वही चाळताना कळले होते. पण मी कारखान्यात असताना दुपारच्या दुपारी तुम्ही दोघी ती गात होता, हे ठाऊक नव्हते. तू लिहिलेस की ते नदीवर धुणे धुणाऱ्या बायकांचे गाणे आहे, आणि त्या ओळीचा अर्थ 'कपडे अजून ओलेच आहेत'. मी तो अर्थ माईला सांगितला. ती हसली. तिला तो आधीच माहीत होता.

डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, असे होते कधीकधी, बोलणे अडते पण गाणे वाट काढते, रोज लावा. रोज लावले. आठवड्याभरात ती सुरातच 'पाणी' म्हणू लागली, मग 'नको', मग 'कौसा'. आणि संक्रांतीनंतरच्या बुधवारी, तबकडी संपल्यावर, माझ्याकडे सरळ बघत तिने विचारले, "कुमू... पत्र?"

आता जे लिहायचे ते हे. तुझी पत्रे येत होती. एकूण चौदा. अंबरनाथच्या पत्त्यावरचे टपाल मीच घ्यायचो. ती मी कारखान्यातल्या माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आणि घरी सांगितले, काही आले नाही. माई रोज विचारायची. नंतर विचारायचे सोडले. तू आपणहून परत यावीस, हरून यावीस, अशी माझी इच्छा होती. त्यात ती किती झुरली ते मी समोर बसून पाहत होतो, आणि तरी खण उघडला नाही. तिच्या आजाराला तेच कारण झाले का, हे डॉक्टरांना विचारायचे धैर्य मला झालेले नाही.

निवृत्त होताना खणातून आणून घरात लपवलेली ती चौदाही पाकिटे त्या बुधवारी मी तिच्या अंथरुणावर ठेवली. सगळी बंदच होती. तिने ती डाव्या हाताने एकेक करून उलटी केली, सुलटी केली. मग दोन दिवस माझ्या हातचे पाणी घेतले नाही. तिसऱ्या दिवशी पहिले पाकीट माझ्या पुढे सारून म्हणाली, "वाच."

रोज दोन वाचतो. मध्येच ती हात वर करते, की तेच पुन्हा वाचायचे. समुद्रकाठच्या मुलांची शाळा, तुझी खोली, तापाने पडलीस तेव्हा शेजारच्या बाईंनी आणलेली पेज. कुमू, तुझी चार वर्षे मी आठ दिवसांत वाचली. तू हरली नव्हतीस. प्रत्येक पत्रात तू शेवटी 'अण्णांना नमस्कार' लिहिला होतास, चौदाही पत्रांत.

तुझे नवे पत्रही वाचून दाखवले. ती म्हणाली, "ये म्हण."

तुला बोलवायचा हक्क मी घालवला आहे, म्हणून निरोप तिचा आहे: ये. रजा मिळेल तेव्हा, आणि नोकरी सोडून नव्हे. आठ दिवस राहा आणि परत तुझ्या शाळेत जा. मी अडवणार नाही. मद्रास मेल कल्याणला थांबते. तारीख कळव, मी फलाटावर असेन. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, सामान तेवढे मला उचलू दे.

तुझा गुन्हेगार, आणि तू म्हणशील तर बाप,

अण्णा