ड्यूटीचा धूर

४ मार्च, सकाळी ७:१०

सोडली. आजपासून. एकतीस वर्षांची सवय एका वाक्यात निकालात काढली. लोक उगाच बाऊ करतात.

कारण असं की काल लेकीचा फोन आला. माझ्याशी नाही, तिच्या आईशी बोलली. जावई सहा आठवडे ट्रेनिंगला परगावी जाणार, तेव्हा ती १५ एप्रिलपासून बाळाला घेऊन आमच्याकडे राहणार. पण छातीच्या डॉक्टरांनी अट घातली आहे. बाळ सातव्या महिन्यात झालेलं, पाच आठवडे काचेच्या पेटीत होतं, फुप्फुसं अजून कच्ची आहेत. ज्या घरात कुणी सिगरेट ओढतं तिथे त्याला न्यायचं नाही, आणि ओढणाऱ्याने त्याला उचलायचं नाही. हे सगळं सांगून ही म्हणाली, तुम्हाला जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मीच तिकडे जाऊन राहते. मी म्हणालो, न जमायला काय झालं, सुटलीच समज. ती म्हणाली, बघू.

नातवाला मी अजून हातात घेतलेलं नाही. हॉस्पिटलात काचेतून पाहिला. आत जायला निघालो तर दारातल्या नर्सने नाक मुरडून माघारी पाठवलं. जॅकेटला वास येतो म्हणे. हल्लीच्या नर्सना बोलायची रीत नाही.

४ मार्च, सकाळी ७:४०

शेवटची गॅलरीत ओढली, अगदी मन लावून. पण खाली कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता, त्यामुळे शेवटची ओढल्यासारखं वाटलं नाही. म्हणून आणखी एक. मग पाकिटात एकच उरली, ती तरी कशाला ठेवायची. रिकामं पाकीट डब्यात टाकलं. लायटर ठेवला. लायटरचा काय गुन्हा?

४ मार्च, संध्याकाळी

एक तांत्रिक अडचण आहे. माझं कामच धुराचं. इमारतींच्या छताला ते गोल पांढरे स्मोक डिटेक्टर असतात ना, ते चालतात की नाही हे तपासायचं ही माझी नोकरी, तेवीस वर्षं. शिडीवर चढायचं, डिटेक्टरखाली धूर सोडायचा, त्याचा दिवा लाल झाला की यादीत खूण करायची. कंपनी त्यासाठी स्प्रेचे डबे देते. पण स्प्रेचा धूर म्हणजे नाटकातला धूर. मी पहिल्यापासून सिगरेटनेच तपासतो. नियमात बसत नाही, पण माझ्या हाताखालून गेलेला एकही डिटेक्टर कधी फसलेला नाही.

बराच विचार करून ठरवलं: ड्यूटीचा धूर मोजायचा नाही. तो मी स्वतःसाठी घेतच नाही. छतासाठी घेतो.

आज छत्तीस डिटेक्टर. त्याव्यतिरिक्त एकही नाही. दिवस पहिला, यशस्वी.

५ मार्च

कामावरच्या जोडीदाराला बातमी दिली. हा माझी शिडी धरतो आणि दिवसाकाठी चार वाक्यं बोलतो, म्हणून आम्ही त्याला मौनी म्हणतो. सिगरेट सोडली म्हणालो. त्याने माझ्या हातातल्या सिगरेटकडे पाहिलं आणि शिडी धरली. त्याला तत्त्व समजावून सांगितलं. समजलं असावं.

९ मार्च

चिडचिड होते. सुटल्याचं लक्षण आहे, असं कुठेतरी वाचलंय. कपाटाचं दार करकरतं म्हणून हिच्यावर ओरडलो. दार मीच बसवलं होतं.

हिने घरातले सगळे पडदे धुवायला काढलेत. मला बोलावून बादलीतलं पाणी दाखवलं. काळ्या चहासारखं झालं होतं. मी म्हणालो, पडदे जुने झाले, रंग सोडतात. पडदे पांढरे आहेत हे नंतर लक्षात आलं.

१२ मार्च, सुट्टी

सुट्टीचा दिवस वाईट. ड्यूटी नाही. सकाळी अकरापर्यंत दात आवळून बसलो. मग आठवलं की आपल्या इमारतीच्या जिन्यात दोन डिटेक्टर आहेत आणि ते कुणी तपासत नाही. तपासले. संध्याकाळपर्यंत चार वेळा तपासले. दोन्ही ठणठणीत आहेत.

वॉचमन म्हणाला, साहेब, तुमच्यासारखी काळजी घेणारी माणसं राहिली नाहीत. हे हिला सांगितलं. तिने माझा शर्ट धुवायला टाकला.

१७ मार्च

नियमात थोडी सुधारणा. एक डिटेक्टर एकदा तपासून भागत नाही. शास्त्र म्हणून तीनदा तरी बघावं. आज एका ऑफिसचे सहा मजले झाले. साहेबांनी अहवाल वाचून फोन केला, एवढं बारीक काम त्यांनी आजवर पाहिलं नाही म्हणाले.

शिडीच्या सातव्या पायरीवर दम लागला. पायऱ्यांमधलं अंतर चुकीचं आहे.

१८ मार्च

एक ओढली. ड्यूटी नसताना. पण ती मौनीच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने देऊ केली होती, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. दिवस पहिला, दुसऱ्यांदा.

१९ मार्च

दिवस पहिला, तिसऱ्यांदा.

२४ मार्च

लेकीच्या जुन्या खोलीत डिटेक्टर बसवला. बाजारातला सगळ्यात तिखट. कागद पेटवून फुंकर मारली तरी कान किटवतो. नातवाला आजोबांची पहिली भेट. बाळाच्या खोलीत डिटेक्टर लावणारा माणूस घरात सिगरेट कशी ओढेल, हे कुणाच्याही लक्षात यावं.

लेकीशी फोनवर स्वतः बोललो. तिला आनंद झाला. म्हणाली, बाबा, मी आईला म्हणतच होते की तुम्ही मनावर घेतलंत तर सोडाल. लहानपणी सुट्टीत ती माझ्याबरोबर कामावर यायची, शिडी धरायची. रंगकाम असलं की डिटेक्टरवर नारिंगी प्लॅस्टिकचं झाकण लावतात, धूळ जाऊ नये म्हणून. ते काढायचं राहिलं तर डिटेक्टर आंधळा होतो, हे तिला मीच शिकवलं. सात वर्षांची असताना तिने शाळेच्या व्हरांड्यात राहिलेलं एक झाकण शोधून थेट हेडमास्तरांना सांगितलं होतं. तिचे डोळे माझ्यावर गेलेत.

२ एप्रिल

हिला बुटांच्या कपाटात स्प्रेचे डबे सापडले. भरलेले, एकोणीस. हे काय म्हणून विचारलं. कंपनीचे, म्हणालो. मग तपासता कशाने, म्हणाली. मी म्हणालो, ते तांत्रिक आहे. तिने डबे पुन्हा ओळीने लावून ठेवले आणि दार लावलं. आदळलं असतं तर बरं झालं असतं.

९ एप्रिल

आज खरं लिहितो. सकाळी मौनीने न विचारता स्प्रेचा डबा बसवलेला लांब दांडा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, एक दिवस करून बघा, दादा. चार वाक्यांतलं एक माझ्यावर खर्च केलं त्याने. नाही म्हणवेना. नऊपासून साडेअकरापर्यंत स्प्रेने काम केलं. अडीच तास एकही झुरका नाही, ड्यूटीचाही नाही. हात असा थरथरत होता की दांडा डिटेक्टरला लागेना. एक अख्खा पॅसेज न तपासता खूण करून पुढे गेलो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. शेवटी जिन्यात जाऊन लागोपाठ तीन ओढल्या तेव्हा हात थांबला.

म्हणजे सुटत नाहीये. लिहून टाकलं.

१० एप्रिल

कालचं वाचलं. फार निराशेचा सूर लागलाय. पोट बिघडलं होतं. दहा दिवसांची रजा टाकली आहे. नातवाजवळ बसलो की आपोआप सुटेल.

१५ एप्रिल

आले.

सकाळपासून तीन अंघोळी केल्या, नवा शर्ट घातला, नखं घासली. लेकीने माझ्याकडे नीट पाहिलं, दोन्ही हात हुंगले, आणि बाळ माझ्या हातात दिलं. वजन काहीच नाही. स्क्रू ड्रायव्हरची पिशवी याहून जड असते. त्याने माझं बोट धरलं, पिवळं पडलेलंच नेमकं. ही म्हणाली, डोक्याला कसा दुधाचा वास येतो ना. मी वाकून हुंगलं. मला काही आला नाही. हो म्हणालो.

दहा मिनिटं घेऊन बसलो होतो. आजवर इतका आनंद कशाचा झाला नव्हता. आता नाव काढणार नाही. दिवस पहिला, आणि हा खरा.

१६ एप्रिल, सकाळी १०

बाथरूममध्ये. अर्धीच. पंखा लावून.

१८ एप्रिल

रजा ही काही चांगली गोष्ट नाही. माणसाला ड्यूटी हवी.

बाथरूम लेकीच्या खोलीला लागून आहे. धूर कसा चालतो हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही. पंखा अर्धाच बाहेर फेकतो, बाकीचा दाराखालच्या फटीतून निघतो, छताच्या कडेने सरकतो आणि वाट मिळेल तिथे शिरतो. खोलीतला डिटेक्टर तिखट आहे. तो वाजला तर बाळ दचकेल. म्हणून लेक आंघोळीला गेली असताना त्याच्यावर झाकण लावलं. बाळाची झोप मोडू नये एवढाच हेतू.

२० एप्रिल, दुपारी १२

बाळाला सकाळपासून खोकला. एवढ्याशा छातीतून एवढा आवाज येतो हे माहीत नव्हतं. ही आणि लेक त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, मीही गेलो. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी ओढतं का. मी उत्तर जुळवत होतो तोवर लेकच म्हणाली, नाही, बाबा ओढायचे, पण ह्याच्यासाठी त्यांनी मार्चमध्येच सोडली. असं म्हणताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरांनी माझं अभिनंदन केलं. ही खिडकीबाहेर बघत होती.

हवा बदलली आहे. हवेमुळे खोकला होतो.

२० एप्रिल, दुपारी ४:३०

सरळ लिहितो. बाळ झोपलं होतं, लेक त्याच्याशेजारी आडवी झाली होती. आडवं झालं की छत दिसतं. मी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि ते नारिंगी झाकण माझ्या कपाशेजारी ठेवलं. ओरडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. धुळीचं कारण तयार होतं. तिने एवढंच विचारलं की हे कधीपासून आहे. मी म्हणालो, परवापासून. ती म्हणाली, बाबा, मी डॉक्टरांना सांगितलं.

मग कपडे भरायला गेली.

२१ एप्रिल

लेक बाळाला घेऊन गेली. तिला तिकडे मदत लागेल म्हणून हीसुद्धा गेली. जाताना औषधांच्या गोळ्या कुठे आहेत, गॅस कसा बंद करायचा, हे सांगितलं. परत कधी येणार विचारलं तर म्हणाली, बघू.

निघताना लेकीने बाळाला माझ्यापासून चार पावलं लांब धरलं होतं. मी तिच्या जागी असतो तर दहा धरलं असतं.

२३ एप्रिल

फोन केला. हिने उचलला. खोकला कमी आहे म्हणाली. लेक कामात आहे म्हणाली. मागे बाळाचा आवाज येत होता, तो ऐकत राहिलो, तर हिला वाटलं फोन कट झाला, तिने ठेवला.

२९ एप्रिल, दुपारी

कामावर साहेबांनी सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्र दिलं. सर्वांत काटेकोर तपासणी, दोन महिने सलग. टाळ्या झाल्या. मौनीने वाजवल्या नाहीत, पण हात पुढे करून माझी बॅग घेतली. दम लागलेला बघवत नसेल. प्रशस्तिपत्र भिंतीवर कुठे लावायचं ते ही आली की विचारतो.

२९ एप्रिल, संध्याकाळी ६

घरात आता कुठेही ओढता येते. तरी गॅलरीतच उभा राहतो.

लेकीच्या खोलीत गेलो. चादर पलंगावर घडी करून ठेवलेली आहे. बाळाची उशी तेवढी राहिली. तोंड लावून हुंगली, बराच वेळ. काही नाही. माझ्या नाकाला कसलाच वास येत नाही, किती वर्षं झाली कोण जाणे. मला त्याला अजून एकदा घ्यायचं होतं. दहा मिनिटं पुरली असती.

वर पाहिलं. झाकण लेकीने काढल्यापासून तो डिटेक्टर कुणी तपासलेला नाही. असा सोडणं माझ्या कामात बसत नाही. शिडी आणली. धरायला कुणी नव्हतं, भिंतीला टेकवली. तिसऱ्याच पायरीवर थांबलो, दम घेतला, सिगरेट पेटवली आणि धूर सोडला. एका सेकंदात सगळं घर दणाणलं. मी तसाच शिडीवर, त्याच्याखाली उभा राहिलो. बटण दाबून बंद करता येतं, पण केलं नाही. कुणी धावत येतंय का ते ऐकत होतो.

कुणी आलं नाही, घरात कुणी नाहीच.

नोंद: बाळाची खोली. डिटेक्टर चालू, आवाज उत्तम. ही ड्यूटीची होती, मोजायची नाही.