हाल्वारची बंदूक कॅनडाला निघाली

ग्रानसेले,
ऑगस्ट, ब्लूबेरी पिकायचे दिवस

प्रिय सिक्स्टन भाऊजी,

वहिनीचा नमस्कार घ्या. गुडघा कसा आहे? (बरा नसला तरी बरा आहे असंच कळवा. दुखण्याची वर्णनं ऐकायला मला शिकारीच्या टोळीतला एव्हर्ट पुरतो.) तिकडे कॅनडात हवा कशी आहे, जेवण वेळेवर होतं का, हे सगळं विचारलं असं समजा. माझी तब्येत उत्तम. ब्लडप्रेशर जरा वर आहे, पण ते तुमच्या बंदुकीपायी, आणि ती हकिकत पुढे येतेच आहे. आमची टुस्सा आता ठार बहिरी झाली. पण मी बोलायला लागले की मान हलवते, आणि कुत्री असली तरी घरात माझं ऐकून घेणारं तेवढंच एक माणूस उरलं आहे.

तर बंदूक. हाल्वारला मातीत ठेवून आम्ही घरी आलो, कॉफीचे कप अजून सिंकमध्येच होते, आणि तुमचा फोन आला. तुम्ही रडलात, मीही रडले. मग नाक ओढून तुम्ही विचारलंत, "वहिनी, बाबांच्या बंदुकीचं काय करणार?" जेवलीस का, घरात एकटी आहेस का, काही नाही; थेट बंदूक! खरं सांगते, त्या क्षणी ती माझ्या हातात असती तर गोळी विनापरवाना कॅनडापर्यंत पोचली असती. पुढे राग ओसरला. बाबांची बंदूक थोरला म्हणून दादाला मिळाली, धाकट्याच्या वाट्याला नुसता कॅनडा आला, हे काही मला कळत नाही असं नाही. शिवाय मेलेल्या माणसाची बंदूक घरात कायमची ठेवता येत नाही. एव्हर्टचा तिच्यावर डोळा होताच. तेव्हा मी म्हटलं, देते, भेट म्हणून देते. म्हणायला काय जातं! जिभेला हाड नसतं.

पहिली अडचण चावीची. बंदुकीच्या कपाटाची चावी कुठे आहे ते परवाना असलेल्यालाच माहीत असावं असा कायदा आहे, आणि हाल्वारने जन्मात मनापासून पाळलेला कायदा तेवढा एकच. एव्हर्टच्या मूळव्याधीची खडान्‌खडा माहिती त्याने मला दिली, पण चावीचं विचारलं की म्हणायचा, "गुनवोर, ते तुला सांगता येत नाही." जशी काही मी तोफखाना लुटून नॉर्वेवर चाल करून जाणार होते! आता माणूस गेला आणि चावीचा पत्ताही घेऊन गेला. मी सौना शोधली, पिठाचे डबे पालथे केले, त्याच्या रबरी बुटांत हात घातले (त्यात एक उंदीर होता, तोही गेलेला). शेवटी सापडली कुठे? माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्याने दिलेल्या वॉफलच्या लोखंडी साच्याच्या खोक्यात. तेव्हा मला नॉर्वेचा समुद्र बघायचा होता आणि या माणसाने आणला साचा! मी रागाने ते खोकं कधी उघडलंच नाही, आणि उघडणार नाही याची त्याला पक्की खात्री होती. ते मांडीवर घेऊन मी जमिनीवर बसले आणि पोटभर रडले. मग त्याच साच्यात वॉफल केले. उत्तम झाले मेले, आणि सांगायला कुणी नव्हतं.

पुढे बंदुकीवरचा नंबर ताडून पाहायला पोलीसबाई आली, मारिट नावाची, माझ्या भाचीच्या वयाची. पाहुण्यांच्या रिवाजाप्रमाणे मी सातही प्रकारची बिस्किटं मांडली. पण हिचं काम पहिला कप ओतून व्हायच्या आत संपलं आणि ती टोपी शोधायला लागली. आता मी खोटं बोलले नाही, भाऊजी. मी एवढंच म्हटलं की पोटमाळ्यावर आणखी काही असलं तर मला माहीत नाही, तिथे मी वर्षानुवर्षं चढलेले नाही. बिचारी वर गेली. हाल्वारची मोडकी स्की, त्याची हरवलेली टोपी आणि गांधीलमाश्यांचं पोळं, एवढं सगळं तिला सापडलं. उतरली ती कानाची पाळी भोपळ्यासारखी सुजवून. म्हणाली, "बाई, तुम्हाला सोबत हवी असेल तर सरळ सांगा ना!" वाटेल ते बोलतात ही माणसं! मला कशाला हवी सोबत? (आता ती दर बुधवारी जाता जाता डोकावते. बिस्किटं मी पाचच प्रकारची ठेवते. नेहमीच्या माणसाला तेवढी पुरे.)

मग बंदूक देशाबाहेर पाठवायचा स्टॉकहोमचा परवाना. देशातून लढाऊ विमानं आणि तोफा बाहेर जातात त्या ज्या खात्याच्या हातून, त्याच खात्याकडे तुमच्या बाबांच्या बंदुकीचा अर्ज गेला. या हत्याराचा शेवटी वापर कोण करणार आणि कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी लिहिलं, "माझा दीर, एल्क हरणांच्या शिकारीसाठी. लहानपणापासून त्याचा नेम चुकतो, त्यामुळे जगाच्या शांततेला धोका नाही." तिथल्या गृहस्थाचा फोन आला. फार अदबशीर माणूस.

"बाई, ते दुसरं वाक्य लागणार नाही."

"पण खरं तेच आहे."

"खरं असेल हो, पण लागणार नाही."

काढलं. तुमच्या तिकडच्या परवान्याचा फोटो मात्र तुम्ही तीनदा पाठवलात आणि तिन्ही वेळा अर्ध्या फोटोत तुमचा अंगठाच. असो. परवाना मिळाला आणि परवा शहरातल्या लेनार्टने, तोच बंदूकवाला, ती माझ्यासमोर खोक्यात बांधली. आधी मागचा बोल्ट काढून वेगळा ठेवला, कारण दोन्ही एकत्र पाठवत नाहीत. बोल्टशिवाय बंदूक म्हणजे नुसती जड काठी, वाटेत कुणाच्या हाती लागली तरी काही करता येत नाही. खोकं बंद करताना मी लाकडी दस्त्यावरून एकदा हात फिरवला. जिथे हाल्वारचा गाल टेकायचा तिथे लाकूड गुळगुळीत झालं आहे. तिथे पॉलिश करू नका, एवढं ऐका.

आता कपाट रिकामं. पुढच्या महिन्यात शिकार सुरू होईल. इतकी वर्षं पहिल्या दिवशी सगळी टोळी आमच्याच स्वयंपाकघरात असायची. शेगडीवर ओले मोजे, दारापासून टेबलापर्यंत चिखल, मी खेकसायची आणि सूप वाढायची. गेल्या वर्षी एव्हर्टने "गुनवोरला त्रास नको" म्हणत सगळ्यांना आपल्या घरी नेलं. त्रास! माझी फरशी आठवडाभर लख्ख राहिली आणि मी खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत होते. घर खायला उठतं म्हणतात ना, ते मला तेव्हा कळलं. दलदलीकाठची हाल्वारची शिकारीला उभं राहायची जागा रिवाजाप्रमाणे वर्षभर रिकामी ठेवली. यंदा घरातलं कुणी तिथे उभं राहिलं नाही तर ती एव्हर्टच्या जावयाला जाणार. तो जावई शिकारीला अत्तर लावून येतो. एकदा जागा गेली की टोळीला आमच्या दारात यायचं कारणच उरणार नाही.

पण ते माझं मी बघेन, तुम्ही काळजी करू नका. मी अगदी मजेत आहे. बंदूक सांभाळा, गुडघ्याला तेल लावा.

तुमची वहिनी,
गुनवोर

ता. क. बोल्ट पाठवलेला नाही. तो लेनार्टच्या तिजोरीत आहे, अगदी कायदेशीर. घेणाऱ्याने स्वतः येऊन, विमानाच्या खालच्या सामानातून न्यावा, असं मी परवान्यातच घालून घेतलं. त्या अदबशीर गृहस्थाने विचारलं, "पोस्टानेही जाईल की, बाई?" मी म्हटलं, "जाईल हो, पण पोस्ट सूप पीत नाही."

ता. क. दुसरा. जागेवर सिक्स्टन उभा राहणार, असं मी एव्हर्टला सांगून बसले आहे. बंदूक तो उसनी देईल. म्हणाला, "सिक्स्टन? मग यंदा एल्क सुखात!" मला तोंडघशी पाडू नका. बूट बाहेर काढायची गरज नाही.

ता. क. शेवटचा. कपाटाची चावी मी पुन्हा त्या खोक्यातच ठेवली आहे, वरच्या फळीवर, साच्याखाली. आता कपाटात काही नाही, तेव्हा सांगायला कायद्याची हरकत नसावी. या घरातली एखादी गोष्ट माझ्याशिवाय आणखी कुणाला तरी माहीत असावी, म्हणून लिहिलं.