खुर्ची तळमजल्यावर

१४ जानेवारी
खुर्ची उचलून जिना उतरत होतो, तेव्हा नवे नगराध्यक्ष वर येत होते. परवाने विभागाचा प्रमुख मी, आठ वर्षं. आता निवडणुकीत निळा पक्ष जिंकला. मी लाल. म्हणून तळमजल्यावरची जुन्या फायलींची खोली. नगराध्यक्ष भिंतीला चिकटून बाजूला झाले. जपून, मामा, म्हणाले. नजरेला नजर द्यायची हिंमत झाली नाही त्यांची. घाबरलेत.

२० जानेवारी
टेबल नाही, फोन नाही, काम नाही. भिंतीवर पेन्सिलच्या रेघा. चारशे अकरा. सोराइदाच्या, दिवसाला एक; पुढे तिने मोजणं सोडलेलं. ती निळी. आठ वर्षांपूर्वी लाल जिंकले तेव्हा तिला मीच इथे पाठवलं. ती प्रशासकीय सोय होती. ही सूडबुद्धी आहे. माझ्या जागेवर आता ती.

३ मार्च
पक्ष बघून हलवलं म्हणून सान हुआनच्या फेडरल कोर्टात दावा ठोकला. मागणी एकच: माझं पद. वकीलबाई लिसेनिया म्हणतात, तुम्ही लाल आहात हे नगराध्यक्षांना ठाऊक होतं, एवढं सिद्ध करा. हसलो. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. उद्या दहा साक्षीदार आणतो म्हटलं.

११ मार्च
साक्षीदार: शून्य. कॉफीच्या टपरीवर एलादिओ म्हणाला, तू लाल? कधीपासून? प्रचारात तुझ्या गॅलरीत झेंडा कुठे होता? कपाटात होता. पावसाने रंग जातो. बायको म्हणते, पाऊस नव्हताच. तिला राजकारण कळत नाही.

२९ मे
सोराइदाकडे गेलो. माझ्या टेबलावर तिचा पंखा. म्हणाली, तू लाल आहेस हे माझ्याएवढं कुणाला माहीत असणार? शपथेवर सांगते. पण साहेबांना मी सांगितलं का? नाही रे बाबा. तुझं नावसुद्धा मी तोंडात घेत नाही.
म्हणजे निम्मी साक्ष आपली.

९ ऑक्टोबर
नगराध्यक्षांची जबानी. बघताक्षणी ओळखलं मला! लिसेनियाबाईंना कोपराने ढोसलं. मग ते शपथेवर म्हणाले, हो, हे जिन्यात दिसले होते. खुर्ची नेत होते. मला वाटलं, सामान हलवणारे.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१७ जून, पुढचं वर्ष, दुपारी
दावा फेटाळला. मी कोण हे त्यांना ठाऊक असल्याचा पुरावा नाही, म्हणे. अपील करणार. थेट बोस्टनच्या वरच्या कोर्टात. लिसेनियाबाई फोन उचलत नाहीत. बहुधा त्याच तयारीत असतील.
भिंतीवर माझी रेघ: तीनशे चौतीस. सोराइदाला गाठायला फार उरल्या नाहीत.

१८ जून
सकाळी नगराध्यक्ष स्वतः खाली आले. मामा, वर सभागृहात खुर्च्या कमी पडतायत, म्हणाले.
बारा नेल्या.