कलम दोनशे शहाण्णव आणि मी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
निर्णय झाला. समुद्रपूर तालुक्यातला पहिला स्टँड-अप कॉमेडियन मीच. विमा ऑफिसातली नोकरी तूर्त चालू ठेवतो. ऑफिसात हे गुप्त आहे. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

पूर्ण विचार केला. मोठे कॉमेडियन मोठे कशाने झाले? विनोदाने नाही. केसने. अश्लीलतेचा एक एफआयआर, की चॅनलवाले दारात. म्हणजे मला जितकी विनोदाची गरज आहे, तितकीच एका तक्रारीचीही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची लढाई आमच्या जाम गावच्या चौरस्त्यावरून सुरू होणार!

वल्लरीला सांगितलं. ती पालक निवडत होती. म्हणाली, "जेलात डबा मी नाई आणून देणार. आत्ताच सांगून ठेवते." थोरांच्या बायकांना सुरुवातीला कळत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
काळा टी-शर्ट छापून आणला. छातीवर पांढऱ्या अक्षरांत 'कलम २९४'. बंडोपंतकाका वर्ध्याला वकिली करतात, त्यांना दाखवायला गेलो. काकांनी चष्मा लावून माझी छाती वाचली. म्हणाले, कायदा बदलला बाबू. चारचौघांत अश्लील बोलल्याचं कलम आता २९६. २९४ म्हणजे अश्लील पुस्तकं विकणं. "तुह्यं पुस्तक आलं काय?"

शिवाय नुसतं अश्लील असून भागत नाही, ऐकणाऱ्याला उपद्रव व्हावा लागतो, असंही म्हणाले. म्हटलं, उपद्रवाची काळजी सोडा.

बसमध्ये शर्टावर स्वेटर घालून आलो. घाम. घरी मार्करने चारचा सहा केला. आता तो चारही नाही, सहाही नाही. वल्लरीने विचारलं, कोणत्या टीमची जर्सी आहे?

१० नोव्हेंबर, सोमवार
सुमीत (शाळेतला दोस्त, जामला हायवेवर हॉटेल) वरचा हॉल द्यायला तयार. अट एकच, लोकांनी आधी जेवावं. पोस्टर लागलं: 'फक्त प्रौढांसाठी! कमजोर मनाच्यांनी येऊ नये!'

मास्टरस्ट्रोक: नानाजींना पहिल्या रांगेचं आमंत्रण. नानाजी म्हणजे रिटायर हेडमास्तर आणि गावाच्या संस्कृतीचे राखणदार. त्यांनी गणपतीतला ऑर्केस्ट्रा दोनदा बंद पाडला आहे. माझ्या विनोदावर ते पेटून उठणार. खुर्चीला मी स्वतः उशी लावणार आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
शो झाला. ऐतिहासिक.

हॉलमध्ये बहुतेक शेतकरी होते. माझा सगळ्यात डेंजर आयटम कपाशीवर आहे. "बोंडं टपोरी दिसली की हात आपोआप जातो, पण मालकाला विचारल्याशिवाय वेचू नये." यात काय दडलंय ते सुज्ञांना कळतंच. मी भुवई उडवली. थांबलो. मागून एक जण म्हणाला, "बरोबर हाय." दुसऱ्याने हात वर करून विचारलं, बोंडअळीले काय मारू?

मला वाटतं, लोक आतून हादरले होते. हादरलेला माणूस हसत नाही.

नानाजी शेवटपर्यंत बसले. चेहरा दगडासारखा. जाताना एकच बोलले, "पाहून घेतो." अंगावर काटा आला! घरी येऊन वल्लरीला मिठी मारली. ती म्हणाली, हॉटेलातून काही आणलं का?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी
फोन आला!! ठाण्यातून!!! महिला पोलीस, नाव रंजिता. नानाजींनी तक्रार दिली आहे, दुपारी येऊन जा म्हणाल्या. मी म्हणालो, मी झुकणार नाही. त्या म्हणाल्या, "झुकू नका, आधार कार्ड आणा."

बॅग भरली. टूथब्रश, दोन बनियन, संविधान, पोटाच्या गोळ्या. पत्रकारांसाठी भाषण पाठ. वल्लरीला धीर दिला. ती म्हणाली, येताना गॅसवाल्याला विचारून या.

त्याच दिवशी, संध्याकाळी
घरी आहे. लिहायला हात वळत नाही, पण लिहितो.

ठाणेदार साहेबांनी तक्रार वाचून दाखवली. अश्लीलतेची नाहीच. फसवणुकीची! पोस्टरवर 'फक्त प्रौढांसाठी' लिहिलं होतं, म्हणून नानाजी नवीन धोतर नेसून गेले, पूर्ण वेळ बसले, आणि तसं काही निघालंच नाही. नानाजी समोरच बसले होते. म्हणाले, "मी वाट पाहूनच राह्यलो. आता येईल, मंग येईल. शेवटी मोसंबीचा रस पाजून लाईट बंद केले यानं."

मी उठून उभा राहिलो. साहेबांना स्पष्ट सांगितलं, माझा कार्यक्रम अश्लील होता. अत्यंत अश्लील. २९६ लावा. साहेब म्हणाले, मग म्हणून दाखवा. मी बोंडांचा आयटम म्हटला, भुवईसकट. साहेब म्हणाले, हे तर कापसाचं आहे. म्हटलं, नाही साहेब! बोंडं म्हणजे बोंडं नाहीत!

रंजिता मॅडमनी पेन थांबवलं. "मंग काय हाय?"

सगळं ठाणं माझ्याकडे बघत होतं. हाच तो क्षण. शतकांची दडपशाही एका बाजूला, मी एका बाजूला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एका भगिनीसमोर...

"कापूसच आहे," म्हणालो.

प्रकरण आपसात मिटलं. नानाजींना गाडीवर घरी सोडलं. वाटेत म्हणाले, पोरा, मेहनत चांगली आहे तुझी. राज्यव्यवस्थेने मला घाबरून सोडून दिलं, असाच याचा अर्थ. गॅसवाल्याला विचारायचं राहिलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आज वेदश्रीची हळद. वेदश्री म्हणजे माझी मेव्हणी, पवनारला मांडव. मी संयोजकांना सुचवलं होतं की पाच मिनिटं मी बोलेन. ते म्हणाले, बघू.

बघितलं ते असं: रुख्माबाईंच्या हाती माईक गेला. रुख्माबाई वल्लरीची मावशी. सत्तरी उलटलेली, तोंडात दात मोजके. सुरुवात नवरदेवाच्या बापापासून केली, आणि मग माझ्यावर आल्या. मांडवातल्या सगळ्यांसमोर! म्हणाल्या, "आमचे हे मोठे जवाई, कॉमेडीवाले. पयल्या राती माईक हातात घेऊन बसले. हॅलो, चेक. हॅलो, चेक. सकाळपोतर चेकच सुरू! शेवटी पोरीनं इचारलं, अवो, कार्यक्रम कवा हाय?"

मांडव कोसळला. हळदीचं ताट उलटलं. नवरदेवाची आजी हसता हसता खुर्चीवरून घसरली. वल्लरी पदर तोंडात कोंबून बसली होती, डोळ्यांतून पाणी.

मी धावत जाऊन वायर उपटली. काय उपयोग? बाईंचा आवाज वायरीवर अवलंबून नाही. पुढचा भाग आणखी वाईट होता, तो त्यांनी हातवारे करून सांगितला.

गाडीवर वल्लरीने विचारलं, "तुमीच तं म्हणत होते ना, बोलू द्या लोकायले? वायर काऊन काढली?" मी म्हणालो, स्वातंत्र्य वेगळं आणि स्वैराचार वेगळा. कुठेतरी मर्यादा हवी. समाज आहे. संस्कृती आहे. ती पवनारपासून घरापर्यंत हसत होती.

१ डिसेंबर, सोमवार
रजा टाकून ठाण्यात गेलो. रुख्माबाईंविरुद्ध तक्रार. कलम २९६. जाहीर ठिकाण होतं, अश्लील होतं, आणि उपद्रव मला स्वतःला झालेला आहे. केस पक्की.

रंजिता मॅडम म्हणाल्या, नेमकं काय बोलल्या ते सांगावं लागेल. लाज बाजूला ठेवली. न्यायाचा प्रश्न होता. सांगितलं. हॅलो, चेक. मॅडमच्या हातून पेन पडलं. आतून ठाणेदार साहेब आले, म्हणाले, पुन्हा सांगा. सांगितलं. लॉकअपमधला एक माणूस गज धरून हसत खाली बसला. पुढचा भाग हातवाऱ्यांसकट केला. एका हवालदाराला ठसका लागला, पाणी पाजावं लागलं.

खरं सांगतो, असं हसू मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. एवढ्या लोकांचं, एकदम, माझ्या तोंडाकडे बघत. छाती भरून आली. तिसऱ्यांदा मी न विचारताच सांगितलं.

तक्रार घेतली नाही. मीही आग्रह धरला नाही. डोळे पुसून मॅडम म्हणाल्या, गुरुवारी पोलीस लाईनीत एक कार्यक्रम हाय, जमेल काय?

मी म्हणालो, तारीख मोकळी आहे. माझं मानधन वगैरे नंतर बोलू.

त्या म्हणाल्या, "तुमी नाई. मावशी. नंबर द्या त्यायचा."

नंबर दिला. रुख्माबाईंनी लगेच हो म्हटलं, एकच अट घातली, जवाई गाडीवर न्यायला आले पाहिजेत. चार वाजता पोचायचं आहे. कार्यक्रम फक्त बायकांचा आहे, तेव्हा मी फाटकाबाहेर थांबायचं.